राळ-आम्लांवरचे तयार कल्चर: दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

ब्रिटिश कोलंबियातील एका क्राफ्ट पल्प कारखान्यात (रसायनांत लाकूड शिजवून कागदाचा लगदा बनवणाऱ्या) मी सांडपाणी-प्रक्रियेचे काम पाहतो. तेथे राळ-आम्ले खाणाऱ्या जिवाणूंचे भुकटीच्या रूपातील कल्चर आम्ही दोन हिवाळे वापरले. स्प्रूस आणि पाइनच्या लाकडातून अ‍ॅबिएटिक, डीहायड्रोअ‍ॅबिएटिक अशी राळेतली आम्ले पाण्यात उतरतात, आणि यांपैकी दुसरे आम्ल लिटरमागे मिलिग्रॅमभर असले तरी ट्राउट माशांच्या जिवावर बेतते. कॅनडाच्या १९९२ च्या नियमांप्रमाणे बाहेर सोडायच्या पाण्यात, ते जराही पातळ न करता, रेनबो ट्राउट ९६ तास ठेवतात. निम्म्याहून अधिक मासे दगावले तर पाणी नापास होते. या चाचणीच्या धास्तीनेच आम्ही कल्चर घेतले.

पहिल्या हिवाळ्यात पुरवठादाराने सांगितलेली मात्रा रोज टाकूनही आम्लांच्या मोजणीत फरक पडला नाही, आणि माझ्या मते तो पडणारही नव्हता. हे काम करणारे जिवाणू सांडपाण्यात हवा मिसळून ते शुद्ध करणाऱ्या आमच्यासारख्या तलावांत मुळातच असतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम मोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर उत्तर ध्रुवाजवळच्या, एकही झाड नसलेल्या टुंड्रातील तेलाने दूषित मातीतही राळ-आम्ले पचवणारे, थंडी सोसणारे जिवाणू सापडले होते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. आमच्या तलावात उणीव होती ती नत्र आणि स्फुरदाची. पल्पच्या सांडपाण्यात ही दोन्ही फारच कमी असतात, म्हणून युरिया आणि फॉस्फोरिक आम्लाची मात्रा सुधारली, बंद पडलेले दोन एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) दुरुस्त केले, आणि आकडे उतरू लागले. डीहायड्रोअ‍ॅबिएटिक आम्लाच्या रेणूचे वलय फोडायला जिवाणूंना प्राणवायू लागतोच. तो नसलेल्या तळच्या गाळात त्याच आम्लाचे रेटीन नावाचे संयुग होते, जे माशांच्या पिलांना घातक असते.

दुसऱ्या हिवाळ्यात ब्लॅक लिकर (लाकूड शिजवल्यावर उरणारे काळे, अल्कधर्मी द्रावण) सांडून तलावाचा सामू (pH) एकदम चढला. अशाच धक्क्यावर उपाय म्हणून झूग्लिया रेझिनिफिला या जिवाणूची भर घालण्याचे प्रयोग पूर्वी झालेले असल्यामुळे आम्ही तेव्हा राखून ठेवलेले कल्चर टाकले, आणि आधीच्या अशा घटनेपेक्षा तलाव लवकर सावरला. तुलनेला दुसरा तलाव नसल्याने सगळे श्रेय मी भुकटीला देणार नाही, पण या कामासाठी ती पुन्हा नक्की घेईन.

माझी खरी तक्रार वेष्टनाबद्दल आहे. त्यावर जिवाणूंची नावे नाहीत, ते किती तापमानापर्यंत आणि किती सामूपर्यंत काम करतात याचाही उल्लेख नाही; इतक्या किमतीच्या मालावर हा तपशील असायलाच हवा. रोजच्या वापरासाठी हे कल्चर घेऊ नये. कारखाना बंद ठेवून पुन्हा सुरू करताना किंवा गळतीनंतर वापरता यावे एवढाच साठा कोरड्या जागी ठेवावा, आणि उरलेला पैसा एरेटरच्या देखभालीवर खर्च करावा.