शिवणीत माया किती ठेवली आहे? गणवेश आणि शालेय साहित्य पुरवणाऱ्या एका सेवेचे परीक्षण

अडचणीत असलेल्या कुटुंबांतील मुलांना शाळेचा गणवेश, बूट, दप्तर आणि वर्षभराचे लेखनसाहित्य विनामूल्य पुरवणारी ही स्वयंसेवी सेवा आमच्या शाळेने सलग दोन वर्षे घेतली आहे. वाटपाचा दिवस सर्वांनाच चांगला वाटतो. मी वर्गशिक्षिका असल्यामुळे त्यानंतर वर्षभर त्या कपड्यांचे, बुटांचे आणि वह्यांचे काय होते ते रोज पाहते, आणि हे परीक्षण त्या पाहण्यावर आधारलेले आहे. सेवा घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र बूट आणि दप्तर या दोन बाबतींत आधीच नीट बोलून घ्यावे.

सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे मापे. याआधी ज्या संस्थेकडून आमच्याकडे गणवेश येत असत (नाव घेण्याचे कारण नाही), ती केवळ मुलांचे वय विचारून लहान, मध्यम आणि मोठे असे तीन गठ्ठे पाठवून देई. एकाच वयाच्या दोन मुलींच्या उंचीत सहज वीतभर अंतर असते, त्यामुळे एकीचा स्कर्ट घोट्याला टेके आणि दुसरीला हात वर करून उत्तर देण्याचीही चोरी होई. ही सेवा शिंपी पाठवते आणि छाती, कंबर, खांदा, बाहीची लांबी व कमरेखालील उंची अशी पाच मापे घेते. विशेष म्हणजे मापे संपूर्ण वर्गाची घेतली जातात. ज्यांना गणवेश मिळणार नाही त्यांचीही टेप लावून नोंद होते आणि ती कागदावरच राहते. यात अर्धा दिवस जास्त जातो, पण रांगेत कोण कशासाठी उभे आहे हे कोणालाच कळत नाही. हा अर्धा दिवस मुख्याध्यापकांकडून मागून घेताना मला थोडी खटपट करावी लागली, ती सत्कारणी लागली असे म्हणेन.

शिवणकामाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण दान म्हणून आलेल्या कपड्यांत नेमकी इथेच काटकसर केली जाते. शिंपीकामात शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हे बहुतेकांना ठाऊक असेल. शालेय वयात, वयात येण्यापूर्वी, मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी उंच होते आणि वयात येताना काही मुले याहूनही झपाट्याने वाढतात. म्हणजे आज बेतास बात बसणारी पँट वर्ष संपण्याआधी घोट्याच्या वर जाणार हे गृहीतच धरायला हवे. या सेवेच्या पँटला खाली ७ सेंमीची दुमड आहे, कमरेला मागच्या शिवणीत दोन बोटे माया आहे आणि स्कर्टच्या नेफ्यात बटण सरकवण्यासाठी दोन काजे आहेत. मागील वर्षी मी स्वतः एका मुलीच्या स्कर्टची दुमड उसवून पाहिली. आतले कापड मूळ गडद रंगाचे निघाले, बाहेरचे धुऊन धुऊन फिकट झाले होते आणि मधोमध जुन्या दुमडीची पांढुरकी रेघ उमटली होती. कपडा वाढवून घेतला आहे हे ती रेघ लगेच सांगते. सेवेला हे कळवल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्षी प्रत्येक संचासोबत त्याच रंगाची एक अरुंद फीत दिली, जी रेघेवर बसवता येते. असा बदल केवळ एका पत्रावर होणे ही माझ्या अनुभवात दुर्मीळ गोष्ट आहे.

कापड ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत असे मिश्र आहे. उकाड्यात शुद्ध सुती कपडा अंगाला अधिक सुखाचा असतो, यात वाद नाही; परंतु सूत पाणी धरून ठेवते, पहिल्या धुण्यात आटते आणि वाळायला वेळ घेते, तर पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही. ज्या घरात गणवेशाचा एकच जोड आहे तेथे तो रात्री धुऊन सकाळी घालायचा असतो, आणि ओल्या कॉलरने शाळेत आलेली मुले मी अनेक वर्षे पाहिली आहेत. काही मुले तर कपडा वाळला नाही म्हणून येतच नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पोटदुखीचे कारण सांगतात. ही सेवा दोन जोड देते. माझ्या मते दोन जोड हीच या संपूर्ण संचातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. निधी कमी पडत असल्यास दप्तर वगळावे, पण दुसरा जोड वगळू नये.

वाटपाची पद्धत शांत आहे. पालकांना वेगवेगळ्या वेळी बोलावून बंद पिशवी हातात दिली जाते. व्यासपीठ, फलक आणि छायाचित्रे हा प्रकार नाही. आधीच्या संस्थेच्या कार्यक्रमात मुलांना नावाने पुकारून पुढे बोलावत, आणि त्यानंतर महिनाभर वर्गात कोणाचा सदरा कुठून आला याची चर्चा चाले. शालेय गणवेशाचे मूळ पाहिले तर ते दानातच सापडते: लंडनमध्ये १५५२ साली गरीब मुलांसाठी स्थापन झालेल्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत मुलांना लांब निळे कोट दिले गेले, आणि पुढे तशा धर्मादाय शाळांना ‘ब्लूकोट’ हेच नाव पडले. म्हणजे अंगावरचा कोट पाहूनच मूल धर्मादायावर शिकते आहे हे रस्त्यावरच्या कोणालाही कळत असे. पुढे सर्वच मुले गणवेश घालू लागली तेव्हा तो भेद पुसला गेला. आजचे वाटप चारचौघांत केले तर तो मागील दाराने पुन्हा आत येतो.

म्हणूनच दप्तराबाबत माझी तक्रार आहे. पहिल्या वर्षी दप्तराच्या दर्शनी कप्प्यावर सेवेचे बोधचिन्ह तळहाताएवढे छापलेले होते. माझ्या वर्गातील एक मुलगा दप्तर नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवत असे. पुढे लक्षात आले की त्याने कर्कटकाच्या टोकाने ते चिन्ह जवळजवळ खरवडून काढले होते आणि त्या जागी कापड विरले होते. दुसऱ्या वर्षी चिन्ह लहान झाले, पण गेले नाही. देणगीदारांना ते हवे असते, असे उत्तर मिळाले. ज्या वस्तूवर देणाऱ्याचे नाव आहे ती घेणाऱ्याची पूर्णपणे होत नाही, असे मी त्यांना लिहून कळवले आहे. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे दप्तर हलके आहे, पट्टे रुंद आहेत आणि चेन दोन्ही वर्षे टिकली, एवढे श्रेय द्यायला हवे.

लेखनसाहित्य वर्गशिक्षकांच्या यादीप्रमाणे येते, ही मोठी सोय आहे. लहान वर्गाला चौरेघी आणि दुरेघी, गणिताला चौकटीची वही, मोठ्यांना एकरेघी असे वेगवेगळे गठ्ठे येतात, त्यामुळे पूर्वीसारख्या निरुपयोगी वह्या कपाटात पडून राहत नाहीत. कागद पुरेसा जाड असल्याने शाई मागे उमटत नाही आणि पानाच्या दोन्ही बाजू वापरता येतात. पेन्सिली मात्र पहिल्या वर्षी अगदीच सुमार होत्या. पेन्सिलीच्या शिशात शिसे नसतेच. ग्राफाइट आणि चिकणमाती एकत्र भाजून ती कांडी करतात, ही रीत निकोला-जाक काँते यांनी १७९५ साली शोधली. ती कांडी लाकडाच्या बरोबर मध्यभागी बसलेली नसेल, तर टोक करताना एका बाजूचे लाकूड आधी उडते आणि कांडी मोडते. एका मुलाने एका तासात अर्धी पेन्सिल टोक काढण्यातच संपवली. इतरांकडे दुसरी पेन्सिल असते. त्याच्याकडे नव्हती, आणि उरलेला वेळ तो नुसता बसून राहिला. यंदाच्या पेन्सिली बऱ्या आहेत. कंपासपेटीतील गुण्या आणि कोनमापकावरील आकडे मात्र दोन महिन्यांत पुसले गेले.

बूट हा सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. ते तीन आठवडे उशिरा आले आणि मापे मुलांच्या सांगण्यावरून घेतलेली होती. मूल आपले माप म्हणून जुन्या बुटाचा आकडा सांगते, आणि तो बूट बहुधा आधीच लहान झालेला असतो. दोन्ही पावले उभे राहून मोजावीत, मोठे असेल ते धरावे आणि पुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी, इतके केले तरी निम्म्या तक्रारी मिटतील. मोज्यांचे रबर पहिल्याच महिन्यात सैल पडले.

पात्रतेसाठी उत्पन्नाचा पुरावा मागितला जातो. वस्तुतः ज्या घरावर संकट अलीकडेच कोसळले आहे, कमावत्या व्यक्तीचे काम गेले आहे किंवा आजारपण आले आहे, त्या घराच्या कागदावर जुनेच उत्पन्न दिसते. आम्ही यावर वाद घातला आणि शेवटी प्रत्येक वर्गासाठी दोन संच केवळ शिक्षकांच्या शिफारशीवर देण्याचे ठरले. वर्षाच्या मध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठी मात्र अद्याप काहीच तरतूद नाही.

याने नेमका किती फरक पडतो, असे मला सहकारी विचारतात. केनियामध्ये २००३ साली प्राथमिक शाळांचे शुल्क रद्द झाल्यानंतरही गणवेशाचा खर्च पालकांवर राहिला होता. तेथे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना गणवेश देऊन केलेल्या अभ्यासात अनुपस्थिती ठळकपणे घटल्याचे आढळले, परंतु काही वर्षांनी पाहिले तेव्हा ती मुले किती इयत्ता शिकली यात फरक दिसला नाही. माझ्या हजेरीपटावरही वर्षाचे पहिले दोन महिने सर्वांत चांगले दिसतात, आणि कपडे अपुरे पडू लागतात तशा गैरहजेऱ्या परत येतात. म्हणून सेवेने वर्षाच्या मध्यावर शिंपी पुन्हा एकदा पाठवावा, अशी मागणी मी केली आहे. नवे कपडे द्यावे लागणार नाहीत, केवळ दुमड उसवून पुन्हा टीप घालायची आहे.

मागणीचे उत्तर अजून आलेले नाही. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत तीच मुलगी गुडघे झाकत बाकावर अवघडून बसलेली दिसली, तेव्हा तिच्या यंदाच्या स्कर्टची दुमड मी उलटून पाहिली. आत अजून ४ सेंमी कापड शिल्लक आहे, आणि फीत तिने कंपासपेटीत जपून ठेवली आहे.