सहा किलोचा एबीसी पावडर सिलिंडर: जिन्यात हवाच, शेगडीशेजारी नको

इमारतीसाठी आग विझवण्याचं एकच हातउपकरण घ्यायचं झालं, तर सहा किलोचा स्टोअर्ड प्रेशर (पावडर आणि दाबाचा वायू एकाच टाकीत भरलेला) एबीसी पावडर सिलिंडर घ्यावा. लाकूड, कापड, कागद (ए वर्गाची आग), पेट्रोल, रंग, थिनर (बी वर्ग), विजेची उपकरणं, या सगळ्यांवर तो चालतो. तक्रार आहे ती तो निवडण्याच्या, टांगण्याच्या आणि सांभाळण्याच्या पद्धतीबद्दल.

आतली पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ज्वाळेत शिरताच ती जळण्याची रासायनिक साखळी तोडते, म्हणून भडका काही सेकंदांत बसतो. निखाऱ्यावर पडलेली पावडर उष्णतेने वितळून त्यावर काचेसारखा चिकट थर धरते आणि हवा तोडते. लाकूड-कापडाच्या आगीवर ती चालते ती या थरामुळेच. साध्या सोडियम बायकार्बोनेटच्या बीसी पावडरीला हे जमत नाही. त्यामुळे घेताना फॉस्फेटची टक्केवारी विचारा. बाजारात ४०, ५० आणि ९० टक्क्यांचा माल मिळतो आणि बाहेरून सिलिंडर सारखेच दिसतात. उरलेला भाग बहुधा अमोनियम सल्फेटचा असतो. आमची पसंती ९० टक्क्यांना.

लेबलवरच्या अक्षरांपेक्षा आकडे महत्त्वाचे. युरोपीय पद्धतीत २१ए म्हणजे २.१ मीटर लांबीची ठरावीक लाकडी चळत विझवण्याची क्षमता. आकडा जितका मोठा, तितकी विझवण्याची ताकद जास्त. सहा किलोच्याच दोन सिलिंडरांचे आकडे वेगळे असू शकतात, आणि खरी तुलना तिथेच होते. सी या अक्षराने मात्र फसू नका. युरोपीय वर्गवारीत सी म्हणजे वायूची आग, अमेरिकी वर्गवारीत सी म्हणजे वीज चालू असलेलं उपकरण. वायूची गळती पेटली असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. गळती चालू ठेवून ज्वाळा विझवली, तर खोलीत वायू साठतो आणि पुढची ठिणगी स्फोट घडवते.

वापर सोपा, पण वेळ फार थोडा. सहा किलो पावडर साधारण १५ ते २० सेकंदांत संपते. बाहेर पडायचा दरवाजा पाठीमागे ठेवायचा, पिन ओढायची, दोनतीन मीटरवरून नोझल ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा आणि डावीउजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरवायचं. उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. बंद खोलीत पावडरीचा इतका धुरळा उडतो की समोरचं दिसत नाही आणि घसा धरतो. पहिल्या फवाऱ्यात आग आटोक्यात आली नाही, तर दार ओढून घेऊन बाहेर पडा.

स्वयंपाकाच्या जळत्या तेलावर हा सिलिंडर अजिबात वापरू नये. फवाऱ्याच्या जोराने तेल उडतं, आणि पावडर तेल थंड करत नसल्यामुळे ज्वाळा विझूनही ते पुन्हा पेट घेतं. व्यावसायिक स्वयंपाकघराला पोटॅशियम क्षारांच्या द्रावणाचा वेट केमिकल सिलिंडरच लागतो. ते द्रावण तापल्या तेलाशी मिळून साबणासारखा फेस धरतं आणि तेल थंडही करतं. लिथियम बॅटरीवर पावडर वरची ज्वाळा घालवते, आतली उष्णता तशीच राहते. सर्व्हर खोलीतही पावडर नको, कारण उरलेली भुकटी ओल धरून धातू खाते आणि सर्किट बोर्डवरून ती पूर्ण निघत नाही. तिथे कार्बन डायऑक्साइड बरा. फक्त खोली लहान असेल तर विझवून लगेच बाहेर यायचं.

आता देखभाल. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात म्हणजे सिलिंडर ठीक, असं मानणं हा सगळ्यात मोठा घोळ. काटा फक्त दाब दाखवतो. आत पावडर किती आहे, ती मोकळी आहे की गोळा झाली आहे, हे तो सांगत नाही. त्यासाठी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि लेबलवरच्या एकूण वजनाशी ताडा. मग उलटा करा. आत पावडर सरकल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. नळीचं टोकही बघा, कीटक तिथे मातीची घरं करतात. पिन, सील, गंज आणि काटा यांची नजरतपासणी दर महिन्याला, जाणकाराकडून पूर्ण तपासणी वर्षातून एकदा. अमेरिकेच्या एनएफपीए १० या अग्निशामक उपकरणांच्या मानकात अशा सिलिंडरसाठी ६ वर्षांनी उघडून तपासणी आणि १२ वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी सांगितली आहे.

रिफिलिंगमध्ये तीन गोष्टी बिघडतात. सिलिंडर न उघडता नुसता दाब भरून नवं स्टिकर लावलं जातं. कोरड्या नायट्रोजनऐवजी साधी हवा भरली जाते, तिच्यातल्या ओलाव्याने पावडर दगड होते. तिसरी चूक थेट जिवावर बेतणारी: एबीसीच्या सिलिंडरमध्ये बायकार्बोनेट मिसळणं. दोघांची ओलाव्यात अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, पावडर गोळा होते आणि आतला दाब वाढत जातो. रिफिलिंग समोर उभं राहून करून घ्या: सिलिंडर रिकामा झाल्यावर काटा शून्यावर येतो का, डिप ट्यूब (पावडर वर नेणारी आतली नळी) साफ झाली का, ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) बदलली का, हे बघा. एकदा जरी दांडा दाबला असेल, अगदी क्षणभर, तरी सिलिंडर पूर्ण भरून घ्यावा लागतो. व्हॉल्व्हच्या बैठकीत पावडरीचे कण अडकतात आणि दाब हळूहळू निसटतो.

टांगताना हँडलचं टोक जमिनीपासून दीड मीटरच्या वर नको आणि तळ जमिनीला टेकलेला नको. जागा बाहेर पडण्याच्या वाटेवरची निवडा. विजेच्या मीटरांच्या खोलीसाठीचा सिलिंडर खोलीच्या आत न टांगता दाराबाहेर टांगा, कारण आग लागेल तेव्हा आत शिरता येणार नाही.