गरोदरपणात थायरॉईडची गोळी बंद करायला लावणाऱ्यांपासून सावध राहा

ज्यांना आधीपासून हायपोथायरॉईड आहे, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन कमी पडतं, आणि ज्यांना नुकतेच दिवस गेले आहेत किंवा जे मूल होण्याचा विचार करत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी फसवणूक नुसती पैशांची असती तर मी दोन ओळी लिहून विषय सोडून दिला असता. पण इथे माझ्या रक्ताचा रिपोर्टच खोटा यावा अशी व्यवस्था केली गेली होती. ती कशी करतात हे फार कमी जणींना माहीत असतं, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मला हाशिमोटोचा आजार आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उठते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. त्यासाठी मी कित्येक वर्षं रोज सकाळी लिव्होथायरॉक्सिन या थायरॉईड हार्मोनची 75 मायक्रोग्रॅमची गोळी घेत होते. टीएसएच म्हणजे थायरॉईडला 'काम कर' असा मेंदूकडून येणारा निरोप, हार्मोन कमी पडलं की तो वाढतो. माझा टीएसएच दोनच्या आसपास असायचा, तब्येत उत्तम होती. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टरांची पहिली भेट अजून लांब होती. गरोदरपणात ही गोळी चालते का, हे मी फोनवर शोधलं. त्याच दिवसापासून एका 'थायरॉईड कोच' मॅडमच्या जाहिराती दिसू लागल्या. थायरॉईड मुळापासून बरा, गोळी कायमची बंद, बाळ निरोगी. खाली बायकांचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट, सगळ्यांचे टीएसएच धाडकन खाली आलेले.

मॅडमचा आवाज अतिशय मायाळू. प्रत्येक वाक्यात 'ताई'. त्यांनी माझा जुना रिपोर्ट मागवला, तासभर बोलल्या आणि मग जे सांगितलं ते शब्दशः आठवतंय: "ताई, ही गोळी नाळेतून बाळापर्यंत पोचते. बाहेरून आयतं हार्मोन मिळालं की बाळाची ग्रंथी आळशी होते आणि मग त्यालाही जन्मभर गोळी."

यातलं अर्धं वाक्य खरं आहे, आणि त्या अर्ध्या सत्यावरच यांचा सगळा धंदा उभा आहे. आईचं टी4, म्हणजे थायरॉईडचं मुख्य हार्मोन, बाळापर्यंत पोचतं हे खरं. ते पोचायलाच हवं! बाळाची थायरॉईड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करते आणि नीट स्वतःच्या पायावर उभी राहायला अठरा ते वीस आठवडे लागतात. तोवर बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉईड हार्मोन आईकडूनच येतं. ज्या ग्रंथीनं अजून काम सुरूच केलेलं नाही ती आळशी कशी होईल? आणि लिव्होथायरॉक्सिन म्हणजे आपल्या ग्रंथीत तयार होतं तेच टी4, फक्त कारखान्यात बनवलेलं.

उलट दिवस गेले की या हार्मोनची गरज वाढते, आणि ती चौथ्या ते सहाव्या आठवड्यापासूनच वाढायला लागते. पुढे ती 30 ते 50 टक्क्यांपर्यंत जाते. निरोगी ग्रंथी आपोआप जास्त काम करते, आजारी ग्रंथीला ते जमत नाही. म्हणूनच अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं आहे की गोळी चालू असलेल्या बाईनं दिवस गेल्याचं कळताच डोस 20 ते 30 टक्क्यांनी वाढवावा, म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, आणि ताबडतोब डॉक्टरांना कळवावं. डोस वाढवायच्या नेमक्या त्या आठवड्यांत माझी गोळी पूर्ण बंद करण्यात आली.

'गोळी बंद करा' हे मॅडमनी कधीच लिहून पाठवलं नाही. ते फक्त फोनवर. लेखी मेसेजमध्ये 'शरीराचं ऐका', 'स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्या' अशीच भाषा. तेव्हा ती मला आपुलकी वाटली. पुढे भांडायची वेळ आली तेव्हा कळलं, ती पळवाट होती.

पॅकेजमध्ये दोन डबे आले. एकात समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, 'नैसर्गिक आयोडीन' म्हणून. दुसऱ्यात 'ग्लो अँड बॅलन्स' नावाच्या गुलाबी कॅप्सूल, केस, त्वचा आणि हार्मोन यांच्यासाठी. पैसे आगाऊ, एका व्यक्तीच्या खात्यावर, पावती नाही.

पहिले आठ-दहा दिवस मला काहीही जाणवलं नाही. मॅडम म्हणाल्या, बघा, गोळीची गरजच नव्हती. याचंही साधं कारण आहे. लिव्होथायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच जवळपास आठवडा लागतो. आज गोळी बंद केली तर उद्या अंगावर काही दिसत नाही, साठा हळूहळू उतरत जातो. गोळी सोडूनही बरं वाटतंय असं कुणी पहिल्या आठवड्यात सांगत असेल, तर ती आधीच्या गोळ्यांचीच पुण्याई असते.

मग थकवा सुरू झाला. थंडी वाजायची, बद्धकोष्ठता, सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, आवाज जड. मॅडमचं उत्तर ठरलेलं: "अहो ताई, दिवसांत असं होतंच." होतंच, हेही खरं. गरोदरपणाच्या सुरुवातीची लक्षणं आणि थायरॉईड कमी पडल्याची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात की अंगावरून ओळखणं अवघड. खरं काय ते रक्तच सांगतं. आणि या लोकांनी हात घातला तो रक्ताच्या रिपोर्टलाच.

तपासणीचा सल्ला मॅडमनी स्वतःहून दिला. कुठल्या लॅबमध्ये जायचं ते सांगितलं. आणि एक सूचना दोनदा बजावली: सॅम्पल द्यायच्या दोन तास आधी गुलाबी कॅप्सूल न चुकता घ्यायची. रिपोर्ट आला, टीएसएच 0.9. मॅडमच्या ग्राहक बायकांच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मी आनंदानं रडले होते.

डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत मी तो रिपोर्ट पुढे केला. त्यांनी फ्री टी4 कडे, म्हणजे रक्तात मोकळ्या असलेल्या टी4 च्या आकड्याकडे, बोट दाखवलं, ते मर्यादेच्या वर होतं. विचारलं, गोळीचा डोस जास्त होतोय का? मी सांगितलं, गोळी घेतच नाही. त्या थांबल्या. माझी नाडी धरली, साठच्याही खाली. ज्या बाईची ग्रंथी निकामी आहे, जिची गोळी बंद आहे, तिचं हार्मोन जास्त आणि नाडी इतकी मंद, हे गणित जुळेना. त्यांनी त्याच दिवशी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मला खुर्चीवर गुडघे टेकवून, पाय मागे लोंबते ठेवून बसायला सांगितलं. टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन खाली गेलं, पण परत येताना सावकाश, आळस दिल्यासारखं आलं. त्यांनी ते माझ्या नवऱ्यालाही दाखवलं. म्हणाले, "रिपोर्ट सांगतोय थायरॉईड जास्त, पाय सांगतोय फार कमी. आणखी काय काय घेताय? सगळे डबे आणा."

गुलाबी डब्याच्या मागच्या बाजूला, मोबाईलचा टॉर्च लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत, लिहिलं होतं: बायोटिन 10,000 मायक्रोग्रॅम. म्हणजे 10 मिलिग्रॅम. गरोदर बाईला दिवसाला लागतं साधारण 30 मायक्रोग्रॅम.

बायोटिन हे जीवनसत्त्व आहे, विष नव्हे. गडबड होते ती लॅबच्या यंत्रात. थायरॉईडच्या अनेक चाचण्यांमध्ये बायोटिन लावलेल्या अँटीबॉडीज वापरतात, आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन त्यांना पकडून ठेवतं. रक्तात आधीच बायोटिनचा पूर आला असेल तर स्ट्रेप्टाव्हिडिनच्या सगळ्या जागा तेच अडवून बसतं, जशा एसटीत रुमाल टाकून अडवतात तशा. मग टीएसएच खोटाच कमी दिसतो, आणि फ्री टी4 ची चाचणी उलट्या पद्धतीनं चालत असल्यामुळे ते खोटंच जास्त दिसतं. प्रत्यक्षात हार्मोनचा दुष्काळ असलेल्या बाईचा रिपोर्ट सुकाळ दाखवतो. सगळ्या लॅबच्या पद्धतीत हे होत नाही, म्हणून तर लॅब ठरवून दिलेली होती. याबद्दल एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2017 मध्ये जाहीर इशाराही दिला होता. थायरॉईडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगतात. मॅडम ते दोन तास आधी घ्यायला सांगत होत्या. इतका नेमका सल्ला अज्ञानातून येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

डॉक्टर पुढच्या रिपोर्टसाठी थांबले नाहीत. दोन्ही डबे बंद, आणि लिव्होथायरॉक्सिन त्याच दिवसापासून पुन्हा सुरू, या वेळी 125 मायक्रोग्रॅम. काही दिवसांनी पुन्हा रक्त दिलं तेव्हा टीएसएच निघाला 24, आणि फ्री टी4 मर्यादेच्या खाली. तेव्हा मला नववा आठवडा चालू होता. उपचार न केलेल्या अशा अवस्थेत गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, बाळाचं वजन कमी भरणं आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम, हे सगळे धोके वाढतात. तो कागद हातात घेऊन मी किती वेळ तिथल्या बाकावर बसले होते, सांगता येणार नाही.

शेवाळाच्या कॅप्सूलचीही डॉक्टरांना तितकीच काळजी वाटली. गरोदर बाईला दिवसाला साधारण 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि दिवसाला 500 च्या वर सातत्यानं जाऊ नये असा थायरॉईडतज्ज्ञांचा सल्ला असतो. शेवाळात आयोडीन किती असेल याचा नेम नसतो. डब्यावर आकडाच नव्हता. आयोडीनचा अतिरेक झाला की ग्रंथी उलट हार्मोन बनवणं थांबवते. मोठ्या माणसाची निरोगी ग्रंथी त्यातून थोड्या दिवसांत सावरते, पोटातल्या बाळाच्या ग्रंथीला ती ताकद नवव्या महिन्याच्या सुमारास येते.

पुढचे महिने नियमात गेले. दर चार आठवड्यांनी टीएसएच, तो अडीचच्या खाली येईपर्यंत डोसची जुळवाजुळव. गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी, कारण त्या लिव्होथायरॉक्सिन पोटात नीट शोषू देत नाहीत. बाळ वेळेवर झालं, जन्मानंतरची त्याची थायरॉईडची तपासणी नॉर्मल आली. माझा डोस पुन्हा 75 वर आणला, आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासून तो बरोबर असल्याची खात्री केली.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, नाहीतर उगाच घाबराल. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गरोदरपणाच्या व्हिटॅमिनच्या गोळीत थोडंसं बायोटिन असतं, त्यानं काही बिघडत नाही. केस आणि नखांसाठी म्हणून विकतात त्या कॅप्सूलमध्ये 5 किंवा 10 मिलिग्रॅम असतं, खरी अडचण त्यांची. कुणाच्याही सांगण्यावरून नाही, तुम्ही स्वतःच हौसेनं घेत असाल तरी तपासणीआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा. 'थायरॉईड सपोर्ट' नावाच्या गोळ्यांचंही तेच. अमेरिकेत अशी 10 उत्पादनं तपासली होती, 2013 मध्ये त्याचा अहवाल छापून आला, त्यातल्या नऊंमध्ये खरंखुरं टी3, म्हणजे थायरॉईडचं दुसरं हार्मोन, सापडलं. टी3 मुळेही टीएसएच खाली येतो आणि रिपोर्ट छान दिसतो, पण बाळाच्या मेंदूला आईचं टी4 हवं असतं. म्हणून गरोदरपणात नुसता टीएसएच छान आला म्हणून गोळी सोडायला कुणी सांगितलं तर आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. गोळी चालू ठेवूनच फोन करा.

मॅडमना मी दोन्ही रिपोर्ट पाठवले. आधी म्हणाल्या, डॉक्टरांनी घाबरवलं. मग म्हणाल्या, गोळी तुम्ही तुमच्या मर्जीनं सोडली, मी कुठे लिहिलंय दाखवा. पैसे परत मागितल्यावर ब्लॉक केलं आणि ग्रुपमधून काढलं. ग्रुपमधल्या ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्यांना मी एकेकीला फोन केले. दोघी गरोदर होत्या, दोघींना सॅम्पलआधी कॅप्सूल घ्यायची तीच सूचना होती. दोघींनी पुन्हा तपासणी करून गोळी सुरू केली. आणखी एकीनं मलाच सुनावलं, तिचा अजून मॅडमवर विश्वास आहे. तक्रार दिली आहे, जोडायला डब्यांचे फोटो आणि दोन्ही रिपोर्ट आहेत, लेखी सल्ला मात्र नाही.

ते खातं आता बंद झालंय आणि वेगळ्या नावानं तीच जाहिरात पुन्हा सुरू झाली आहे. त्यात आधीचे-नंतरचे जे रिपोर्ट दाखवतात त्यांत एक माझा आहे, नाव कापलेला. नंतरच्या रकान्यात टीएसएच 0.9, खाली हिरव्या अक्षरांत 'गोळीशिवाय, गरोदरपणात'. तो रिपोर्ट तुमच्या बघण्यात आला तर ओळखा, त्यातला आकडा खोटा आहे. त्या दिवशी माझ्या रक्तातला खरा टीएसएच त्याच्या कितीतरी पट होता.