पीआर एजन्सी की स्वतःचं इन्स्टाग्राम?

कोथरूडला नाचणी-ज्वारीच्या खाऊचं दुकान काढणारी माझी मावसबहीण आठवडाभर एकाच प्रश्नावर अडली आहे. प्रसिद्धीचे पैसे पीआर (जनसंपर्क) एजन्सीला द्यायचे की इन्स्टाग्रामवर लावायचे?

खर्च. एजन्सी बहुधा दरमहा शुल्क घेते, तरी बातमी छापून येईलच असं नाही. तो निर्णय संपादकाचा. रील मोबाइलवर फुकट होतं. पण इन्फ्लुएन्सरला, म्हणजे सोशल मीडियावर मोठा चाहतावर्ग असलेल्याला, पैसे किंवा फुकट माल दिला, तर ती जाहिरात ठरते आणि तसं स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेचा हा नियम २०२१ पासून आहे.

टिकाऊपणा. इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत जाते. वर्तमानपत्रातलं कात्रण भिंतीवर लावता येतं, बँकेतही दाखवता येतं.

मेहनत. खरा फरक इथे आहे. पूर्वी प्रेसनोट धाडली, पत्रकार भवनात परिषद घेतली की बरंचसं काम उरकायचं. आता रात्री अकराला कुणी ‘लाडू खवट निघाला’ म्हणून फोटो टाकला, तर सकाळच्या अंकाची वाट बघून चालत नाही. लगेच माफी मागायची, माल बदलून द्यायचा, तेही सगळ्यांसमोर. कमेंट पुसू नये. स्क्रीनशॉट फिरलेला असतो. आणि लाडू कधी वळला, हे एजन्सीतल्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

एकच दुकान, आसपासचं गिऱ्हाईक असेल तर इन्स्टाग्राम स्वतः सांभाळावं. ताईला मी हेच सांगितलं. शाखा काढायच्या असतील, गुंतवणूकदार हवे असतील, किंवा प्रकरण अन्न व औषध प्रशासनापर्यंत गेलं असेल, तर एजन्सीच धरावी.