नॅनो की जैव? पीएच.डी.चा विषय निवडताना

पाण्यातला पारा किंवा शिसं नुसतं ओळखायचं आहे, की काढून टाकायचं आहे, हे आधी ठरवा. नॅनोपदार्थ (अतिसूक्ष्म कणांचा) घ्यावा की जैवपदार्थ (सजीवांपासून मिळणारा), हा प्रश्न त्यानंतरचा.

ओळखायचं असेल तर माझा कौल नॅनोकणांना. सोन्याचे नॅनोकण बनवण्याची, रसायनशास्त्रज्ञ टर्केविचने १९५१ मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. क्लोरोऑरिक आम्लाचं (सोन्याच्या संयुगाचं) फिकट पिवळं द्रावण उकळतं ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. पिवळेपणा जातो, काळसर जांभळी झाक येते आणि बघता बघता द्रावण माणकासारखं लाल होतं. कण साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे. ते एकमेकांना चिकटले की लाल रंग निळसर होतो. पारा धरणारा रेणू कणांवर बसवला, की हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसणारी चाचणी ठरतो. पण साधं मीठही हाच बदल घडवतं! ऊर्ध्वपातित पाण्यात छान चाललेला सेन्सर सांडपाण्यात पारा नसतानाही निळा पडू शकतो. खरी मेहनत इथेच आहे. भांडी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) नीट धुतलेली नसतील तर कणही बिघडतात.

जैवपदार्थांपैकी एन्झाइमवर चालणारे सेन्सर निवडक असतात, म्हणजे ठरावीक पदार्थालाच प्रतिसाद देतात. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोजसाठी ती वाट दाखवली. मात्र उष्णतेने एन्झाइम मरगळतो.

काढून टाकायचं असेल तर मी कायटोसान हा जैवपदार्थ घेईन. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून ते मिळतं, सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळतं आणि अल्कलीत थेंब थेंब सोडलं की पांढुरके मणी होतात. त्यातले अमिनो गट तांबं, शिसं धरून ठेवतात. आम्लयुक्त पाण्यात मात्र मणी विरघळतात. ते टिकावेत म्हणून ग्लुटराल्डिहाइड या रसायनाने त्यांतल्या साखळ्या एकमेकींना जोडाव्यात, तर काही अमिनो गट त्यातच खर्ची पडतात. नॅनोपदार्थांकडे वळावं, तर प्रकाशाच्या मदतीने काम करणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील प्रकाश लागतो, आणि वापरानंतर ती बारीक भुकटी पाण्यातून परत काढणं जिकिरीचं. कायटोसानच्या मण्यांतच लोहऑक्साइडचे नॅनोकण घातले तर मणी चुंबकाने ओढून घेता येतात. मला ही मधली वाट सर्वांत आवडते.

गाइडकडे जाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. पिण्याच्या पाण्यातल्या शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. तुमचा सेन्सर खऱ्या, गढूळ पाण्यात तिच्याखाली मोजतो का? आणि पाचव्यांदा वापरल्यावर मणी किती धातू धरतात?