लीग मध्येच थांबली तर? पास, प्रक्षेपण आणि मताचा हक्क: कुणाचा नियम उचलावा

आठ संघ जमले, मैदान मिळालं, जर्सीचे रंग ठरले की मंडळी लगेच वेळापत्रक मांडायला बसतात. सोलापुरात फुटबॉल लीग सुरू करू पाहणाऱ्या पोरांना माझी विनवणी आहे की त्याआधी एक पान लिहून काढा. लीग अर्ध्यात बंद पडली तर पासवाल्यांचे पैसे कसे परत करायचे, मॅच दाखवणाऱ्याशी हिशेब कसा मिटवायचा, आणि हे ठरवणार कोण.

आम्ही ते पान लिहिलं नव्हतं. आमच्या स्पर्धेचे पास पिवळ्या कार्डशीटचे होते, दोनशे रुपयांचा एक, त्यावर दहा चौकोन. आत जाताना दारावरचा पोरगा एका चौकोनाला पंचने भोक पाडायचा. सहा सामने झाले, मग मैदान दुसऱ्याच कार्यक्रमाला दिलं गेलं, त्यातून मोकळं होतंय तोवर अवकाळी पाऊस आला, आणि स्पर्धा तिथेच राहिली. आठवड्याभराने विडी घरकुल वस्तीतून एक मामा सायकलवर आले. यंत्रमागावर रात्रपाळी करून थेट आले होते, शर्टाच्या बाहीला सुताचे धागे तसेच. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पास काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि भोक न पडलेल्या चौकोनांवरून बोट फिरवत विचारलं, “ह्या चारचं काय करायचं ओ?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे लाईट, मंडप आणि पंचांच्या मानधनात संपले होते. त्यांचे ऐंशी रुपये मी पदरचे दिले. बाकीच्यांचे राहिले, ते अजून मनाला लागून आहे.

आणि आपल्याकडे लीग थांबायला महामारीच यावी लागते असं नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला शहरातलं होम मैदान मिळणार नाही हे निदान कॅलेंडरवर दिसतं. निवडणुकीचा बंदोबस्त, मैदानाचं निघालेलं काम, एप्रिलचं ऊन एकदम चढणं, हे कॅलेंडरवर दिसत नाही.

मोठ्या लीगांवर २०२० साली कोरोनाचं एकच संकट एकाच वेळी आलं आणि प्रत्येकीने वेगळा रस्ता धरला. तुलनेला त्याहून चांगला नमुना सापडणार नाही, म्हणून बहुतेक उदाहरणं तिथलीच घेतो.

निकाल कसा लावायचा

नेदरलँड्सने २४ एप्रिल २०२० ला हंगाम बंद केला. वरच्या आयाक्स आणि एझेड या दोन्ही क्लबांचे ५६ गुण होते. विजेता जाहीर केला नाही, कुणाला खालच्या श्रेणीत ढकललं नाही, कुणाला वर घेतलं नाही. बढती-घसरण ठेवावी का, असं फेडरेशनने ३४ क्लबांना विचारलं होतं. १६ जण हो म्हणाले, ९ नाही, ९ तटस्थ राहिले. जास्त मतं बढतीच्या बाजूने पडूनही निर्णय उलटा आला. दुसऱ्या श्रेणीत पहिल्या क्रमांकावर असलेला कांबूर कोर्टात गेला आणि हरला.

फ्रान्सने उलट केलं. झालेल्या सामन्यांच्या गुणांची सरासरी काढली आणि तक्ता कायम केला. पॅरिस सेंट जर्मेन विजेते. ल्योन सातव्या क्रमांकावर अडकल्याने युरोपच्या स्पर्धेची जागा हुकली. आमियाँ आणि तुलूझ खाली गेले. जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ही घसरण स्थगित करून फेरविचार करायला सांगितलं. फेरविचारात क्लबांनी मतदान करून दोघांना खालीच ठेवलं.

जर्मनीने १६ मे ला आणि इंग्लंडने १७ जूनला रिकाम्या स्टेडियममध्ये खेळ पुन्हा सुरू करून हंगाम पूर्ण केला. सगळ्यात न्याय्य रस्ता हाच, पण तपासण्या आणि बंदोबस्ताचा तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही.

तुमच्या लीगला मला भारतातलंच उदाहरण जवळचं वाटतं. २०१९-२० च्या आय-लीगमध्ये मोहन बागानने मार्चमध्ये, चार फेऱ्या बाकी असतानाच विजेतेपद पक्कं केलं होतं. नंतर उरलेले २८ सामने रद्द झाले, बागान विजेते राहिले, कुणी खाली गेलं नाही, आणि बाकीच्या बक्षिसाची रक्कम उरलेल्या दहा संघांत सारखी वाटली. आठ संघांच्या लीगने एवढंच लिहावं: प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळून झाला असेल तर तिथला तक्ता अंतिम. झाला नसेल तर विजेता नाही, बक्षीस सारखं वाटून.

दाखवणाऱ्याचे पैसे

इथे शब्दावर विसंबू नका. मेडियाप्रो या स्पॅनिश कंपनीने २०१८ मध्ये इटली आणि फ्रान्स या दोन्ही देशांच्या पहिल्या श्रेणीचे हक्क घ्यायला हात घातला. इटलीच्या लीगने बँक गॅरंटी मागितली, ती मिळाली नाही, म्हणून त्या मे महिन्यातच करार मोडला. त्याच महिन्यात फ्रान्सच्या लीगने त्याच कंपनीला हक्क विकले, मोसमाला साधारण ७८ कोटी युरोंच्या हिशेबाने, २०२० पासून. ऑक्टोबर २०२० चा हप्ता आला नाही. डिसेंबरपर्यंत करार संपला. कनाल प्लस या वाहिनीने उरलेला हंगाम कमी पैशात उचलला, पुढे ॲमेझॉन आलं, मग डॅझोन आलं आणि एका हंगामात गेलं. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये लीगने महिना १४.९९ युरोंची स्वतःची वाहिनी काढली. आयुष्यभराचा भाडेकरू मिळाला म्हणून अनामत न घेता घर द्यावं, तशातली गत.

इंग्लंडला हा धडा त्याआधीच मिळाला होता. खालच्या तीन श्रेणींनी आयटीव्ही डिजिटल या वाहिनीशी ३१.५ कोटी पौंडांचा तीन वर्षांचा करार केला. मागे कार्लटन आणि ग्रॅनडा या दोन मोठ्या कंपन्या उभ्या होत्या, पण त्यांची हमी लेखी घेतलेली नव्हती. २००२ मध्ये वाहिनी बुडाली, लीग कोर्टात गेली आणि हरली. कित्येक छोटे क्लब त्यानंतर दिवाळखोरीच्या दारात उभे राहिले.

२०२० मध्ये इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीने, म्हणजे प्रीमियर लीगने, उरलेले ९२ सामने खेळून दाखवले, तरीही वेळापत्रक बिघडल्याबद्दल वाहिन्यांना मोठी सूट द्यावी लागली. जर्मनीच्या लीगने मात्र वाहिन्यांशी बोलणी करून शेवटच्या हप्त्यातला बराच भाग आधीच मिळवला, त्यावर अडचणीतल्या क्लबांनी दिवस काढले.

आपल्या बाबतीत दाखवणारा म्हणजे गल्लीतला केबलवाला, नाहीतर दोन कॅमेरे घेऊन यूट्यूबवर थेट करणारा पोरगा. रक्कम छोटी असेल, नियम मात्र तोच: पहिला हप्ता पहिल्या शिट्टीआधी, पुढचे दर चार सामन्यांना, आणि हप्ता चुकला की पुढच्या सामन्याला कॅमेरा आत नाही. चॅनेल लीगच्या नावाने काढा, पासवर्ड दोघांकडे ठेवा. कॅमेरावाला उद्या भांडून गेला तरी झालेल्या सामन्यांचं चित्रण तुमच्याकडे राहील.

पासवाला

माझा सगळा जीव या भागात आहे. प्रायोजक एका सामन्यापुरता येतो, पासवाला सगळ्या हंगामाचा विश्वास आगाऊ देतो.

इंग्लंडमध्ये बऱ्याच क्लबांनी दोन पर्याय ठेवले: उरलेल्या घरच्या सामन्यांचे पैसे परत घ्या, किंवा पुढच्या हंगामाच्या तिकिटात वळते करा. निवड प्रेक्षकाची. जर्मनीने मे २०२० मध्ये कायदाच केला की ८ मार्च २०२० आधी घेतलेल्या कार्यक्रमांच्या आणि खेळांच्या तिकिटांवर आयोजक रोख रकमेऐवजी व्हाउचर देऊ शकतो. ते २०२१ अखेरपर्यंत वापरलं नाही तर मात्र रोख द्यायचे. आयोजक वाचला, प्रेक्षक थांबला. पण व्हाउचर मोठ्या क्लबाचं चालतं. तुमची लीग पुढच्या वर्षी होणार याची खात्री पासवाल्याला कोण देणार? म्हणून सोलापुरात व्हाउचर नको. रोख किंवा यूपीआय.

जर्मनीतली दुसरी गोष्ट मात्र मनापासून घेण्यासारखी आहे. अनेक चाहत्यांनी परताव्याचा हक्क स्वतःहून सोडला. मुन्शनग्लाडबाखमध्ये लोकांनी १९ युरो देऊन स्वतःच्या फोटोचे पुठ्ठ्याचे पुतळे खुर्च्यांवर बसवले. लोक देतात. हक्क आधी मान्य करा, मग सोडायचा की नाही ते त्यांच्यावर सोपवा. आमच्याकडे उलटं झालं, आम्ही मनातल्या मनात गृहीत धरलं की लोक समजून घेतील.

मैदान बंद पण खेळ चालू, अशी वेळ आली तर स्कॉटलंडकडे बघा. २०२०-२१ मध्ये तिथल्या क्लबांनी सीझन तिकीटवाल्यांना घरचे सामने थेट प्रक्षेपणात दिले. इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत बाहेरच्या प्रेक्षकाला एका सामन्याला १० पौंड पडत, सीझन तिकीटवाल्याला क्लबकडून कोड मिळे. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रीमियर लीगने काही सामन्यांना एकेकी १४.९५ पौंड लावले. चाहते चिडले. न्यूकॅसलपासून सुरू होऊन ठिकठिकाणी त्यांनी तेवढेच पैसे गरिबांच्या अन्नपेढ्यांना दिले आणि सामना बघितला नाही. महिन्याभरात योजना गुंडाळावी लागली.

पैसे परत द्यायचे तर ते शिल्लक हवेत. पासची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. सामना झाला की भोक पडलेल्या प्रत्येक पासमागे २० रुपये खर्चाच्या खात्यात वळवा, त्याआधी हात लावू नका. लाईट-मंडपाची उचल प्रायोजकाच्या पैशातून करा. खजिनदाराला हे जाचक वाटेल. मी खजिनदार होतो, म्हणून सांगतो.

मत कुणाचं

१० एप्रिल २०२० चा शुक्रवार. स्कॉटलंडच्या लीगने क्लबांना ठराव पाठवला होता की हंगाम इथेच थांबवून तक्ता कायम करावा. दुसऱ्या श्रेणीत दहापैकी आठ होकार लागत होते. सात आले, दोन नकार आले. डंडी या क्लबाने नकाराची ईमेल पाठवली, ती लीगच्या यंत्रणेने संशयास्पद म्हणून अडकवून ठेवली. मधल्या काळात डंडीने कळवलं की आमचं मत आत्ता धरू नका. पाच दिवसांनी त्यांनी होकार दिला आणि ठराव पास झाला. सेल्टिक विजेते ठरले. आठ सामने बाकी असताना फक्त चार गुणांनी मागे असलेले हार्ट्स खाली गेले. एक सामना हातात असून दोनच गुणांनी मागे असलेले पार्टिक थिसलही गेले. दोघं लवादापर्यंत लढले आणि हरले.

माझ्या मते चूक मुळात नियमाची होती. दिलेलं मत फिरवता येतं का, कधीपर्यंत, आणि ज्याचं नुकसान होणार त्यानेच मत द्यायचं का, हे संकट आल्यावर ठरवायला बसलं की प्रत्येक हात स्वतःच्या गुणांकडे बघून वर जातो. प्रीमियर लीगमध्ये निदान २० पैकी १४ मतांची अट आधीपासून लिहिलेली आहे.

जर्मनीत क्लबच्या निम्म्याहून जास्त मतांचा हक्क सभासदांकडे राहतो, त्याला ५०+१ म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये ३६ पैकी २४ क्लबांनी बाहेरचा गुंतवणूकदार आणायला होकार दिला होता. चाहत्यांनी आठवडेच्या आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगने तो बेत सोडला. पासवाल्यांचा एक प्रतिनिधी समितीत घ्या, हे मी त्यावरूनच म्हणतो.

सगळ्यात जवळचं उदाहरण आपलंच. भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि इंडियन सुपर लीग चालवणारी एफएसडीएल ही कंपनी यांचा २०१० चा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे सगळ्यांना १५ वर्षं माहीत होतं. तरी नवा झाला नाही आणि ११ जुलै २०२५ ला इंडियन सुपर लीगचा हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवण्यात आलं. काही क्लबांनी पगार थांबवले. फेडरेशनच्या घटनेचा निकाल सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टातून आला, नंतर काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही. हंगाम फेब्रुवारी २०२६ वर गेला, तोही छोटा करून. तुमचा मैदानाचा करार कधी संपतो ते आजच बघा, आणि तो शेवटच्या सामन्यानंतर किमान महिनाभर पुढे असू द्या.

मतदानाचा नियम मी असा लिहीन: आठपैकी सहा होकार, मत लेखी आणि इतिवृत्तात नोंदलेलं, दिल्यावर बदल नाही. निकालाचा नियम हंगाम सुरू असताना मतदानाला येणारच नाही.

राहिली पासची मागची बाजू. तिथे जागा थोडी असते, तेवढ्यात बसेल असं: “एका चौकोनाचे २० रुपये. लीग थांबल्यास भोक न पडलेल्या चौकोनांचे पैसे ३० दिवसांत रोख किंवा यूपीआयने परत. सोडायचे असल्यास इथे सही करावी.” मराठीखाली हेच तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापा. आपल्या शहरात पास घेणाऱ्या कितीतरी जणांच्या घरची भाषा ती आहे. आणि दारावर भोक पाडायचा पंचच ठेवा. पेनाने टीक करत बसलात तर हिशेबाच्या दिवशी ती कुणी केली यावर वाद होतो.