मोठ्या रायफलीवर कोणता स्कोप? लिओपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४०

ग्वाल्हेरला लायसन्सी रायफल म्हटली की बहुधा आयुध निर्माणीची .३१५ किंवा .३०-०६ (हे आकडे काडतुसाच्या मापाचे), आणि लष्करातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात आजोबांच्या वेळची .३७५ मॅग्नम. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर इथल्या जंगलातली शिकार संपली, ते योग्यच झालं. आता प्रश्न उरतो तो चांदमारीवरच्या १०० मीटरच्या कागदाचा, किंवा रीतसर परवान्याने आफ्रिकेत कुडू-इलंड या मोठ्या हरणांसाठी जाणाऱ्यांचा. दोन्हीकडे स्कोप निवडताना चूक होते ती एकच: आकडा मोठा तेवढा माल भारी, असं धरून ६-२४×५० (६ ते २४ पॉवर, म्हणजे तितके पट मोठं दाखवणारा, पुढची काच ५० मिमीची) उचलला जातो. जबर धक्क्याच्या रायफलीवर यापेक्षा गैरसोयीची वस्तू नाही.

३-९×४०चं पहिलं बलस्थान म्हणजे डोळा आणि काच यांतलं अंतर. ३× वर ते सुमारे ४.२ इंच आहे, ९× वर ३.७ इंच. .३०-०६चा धक्का साधारण २० फूट-पाउंडांचा असतो. खांदा सैल राहिला की रायफल मागे येते आणि स्कोपची कड भुवईवर अर्धचंद्र कापते. पालथं पडून किंवा चढाकडे नेम धरताना मान आपोआप पुढे जाते, तेव्हा हाताशी असलेलं अंतर आणखी घटतं. म्हणून साडेतीन इंचांखालचा स्कोप या काडतुसावर घेऊच नये, मग काच कितीही सुंदर असो.

उजेडाचा हिशोब सोपा आहे. पुढच्या काचेच्या मिलीमीटरांना पॉवरने भागा. ४० भागिले ६ म्हणजे ६.७ मिमीचा झोत, संध्याकाळच्या बाहुलीला पुरेसा. ९× वर तो ४.४ राहतो, म्हणून उजेड उतरला की पॉवर उतरवा. स्कोपची नळी ३० मिमीची घेतली की जास्त उजेड येतो हा गैरसमज आहे. तिच्यातून मिळते ती मुख्यतः क्लिकांची, म्हणजे नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या खटक्यांची, जादा मुभा. या स्कोपची नळी एक इंची, वजन सुमारे ३४६ ग्रॅम, आणि रायफलीचा तोल बिघडत नाही. उणीव म्हणाल तर साध्या मॉडेलच्या क्रॉसमध्ये दिवा नाही. जनावराच्या गडद कातडीवर तिन्हीसांजेला बारीक तार हरवते, जाड बाह्यांच्या मधोमध अंदाजाने धरावं लागतं. पॅरलॅक्स (डोळा हलला की क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसणं) १५० यार्डांवर पक्का केलेला आहे, त्यामुळे २५ मीटरवर डोळा मध्यावरून सरकला की नेमही थोडा सरकतो.

बसवणीत मात्र घाई नको. निम्म्याहून जास्त ‘खराब’ स्कोप खरं तर बसवणीने खराब झालेले असतात. बेसचे (रायफलीवरच्या बैठकीचे) स्क्रू आणि त्यांची भोकं ॲसिटोनने पुसून तेलाचा अंश काढा, निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब. स्कोप धरणाऱ्या रिंगा सैल ठेवून पॉवर ९ वर न्या, कारण डोळ्याचं अंतर तिथे सर्वांत कमी असतं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल दिसला तर जागा बरोबर; कडेला काळी कोर आली तर स्कोप पुढेमागे सरकवा. २५ मीटरवर ओळंबा टांगा आणि उभी तार त्या दोरीला जुळवा. मगच रिंगांचे स्क्रू आलटून-पालटून, टॉर्क पेचकसने, १५ ते १८ इंच-पाउंडांवर. जोर करून आवळलं की नळी दबते, आतली यंत्रणा अडकते आणि क्लिक फिरवूनही गोळी हलत नाही. रिंग आणि नळी यांवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटली, तर स्कोप धक्क्याने सरकतोय हे लगेच कळतं.

झीरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणताना, बोल्ट काढून रायफलीच्या नळीतून २५ मीटरवरचा ठिपका बघा, क्रॉस त्यावर आणा. एक क्लिक पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिमी, २५ वर त्याचा चौथा हिस्सा. १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची .३०-०६ गोळी २५ मीटरवर मध्यावर बसली की १०० वर साधारण ५ सेंमी वर जाते. कागदासाठी ७ क्लिक खाली घ्या. तीन-तीन गोळ्यांचे गट, मध्ये नळी गार होऊ द्या. एका गोळीवर क्लिक फिरवत बसलात तर काडतुसं संपतील, झीरो होणार नाही.

मे महिन्यात इथल्या दुपारी ९× वर कागद पाण्यात असल्यासारखा डोलतो. दोष काचेचा नाही, तापलेल्या जमिनीवरच्या हवेचा आहे. पॉवर ५-६ वर आणा किंवा सकाळी सात वाजता जा. पावसाळ्यात स्कोप चामड्याच्या पेटीत मुळीच ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि काचेवर बुरशी चढते. सिलिका जेल घालून कोरड्या डब्यात ठेवा, धूळ आधी ब्लोअरने उडवा, रुमाल नंतर.

.३१५चा दस्ता उघड्या माशीसाठी (नळीच्या टोकावरच्या नेमखुणेसाठी) उतरता केलेला आहे, स्कोपपर्यंत गाल पोचत नाही. गालाला उंची देणारी गादी लावल्याशिवाय तिथे कुठलाच स्कोप नीट लागणार नाही.

.३७५वर ३-९ नको. तिथे १.५-५×२० किंवा १-४×२४: दोन्ही डोळे उघडे, विस्तृत दृश्य, बसवणी खाली. जुन्या रायफलीला भोकं पाडून घेऊ नका, तिची किंमत जाते. मूळ क्लॉ माउंट (स्कोप चढवता-उतरवता येणारी नखांची जुनी पकड) असेल तर परवानाधारक कारागिराकडून त्यालाच जुळणाऱ्या रिंगा करून घ्या, आणि स्कोप उतरवल्यावर मूळची माशी साफ दिसते ना, ते त्याच्यासमोरच तपासा.